फळीवरचे प्रवासी

वरठीत मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालं का हेसुद्धा विचारलं नाही. भाड्याचं तर नावच काढलं नाही. अंगणातल्या खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "सैपाक घरीच करान ना म्याडम? मंग डब्बे कोन्ते हायेत तुमच्यापाशी?"

मला स्वतःच्या डब्यांचा तेव्हा फार अभिमान होता. पारदर्शक प्लॅस्टिकचे, एकावर एक नीट बसणारे, झाकण दाबलं की टक्क आवाज येणारे. मी त्यांचं भरभरून वर्णन केलं.

"अन् नाव?"

"कसलं नाव?"

"डब्ब्याईवर कोनाचं नाव हाये?"

"कुणाचंच नाही."

त्यांनी दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. बिनतिकीट प्रवासी सापडला की कंडक्टर ड्रायव्हरकडे बघतो, तसं. मग उसासा टाकून म्हणाले, "बेनाम डब्बे. असू द्या. शिकल्या-सवरल्या मानसाईचं असंच राह्यते. खोली घ्या."

मी मोहाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते आणि वरठी हे मला सोयीचं ठिकाण होतं. घरमालक एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायची. काकू बारीक, चटपटीत आणि तोंडाने तिखट. काका उंच, किंचित वाकलेले. आयुष्यभर चालत्या गाडीत पाय फाकून उभं राहायची सवय झालेली, त्यामुळे स्वयंपाकघरातसुद्धा ते तसेच उभे राहायचे. जणू कुठल्याही क्षणी ड्रायव्हर ब्रेक मारणार आहे.

ते स्वयंपाकघर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. मसाल्याचा डबा म्हणून त्यांनी जुनी तिकिटांची पेटी ठेवली होती. पूर्वी कंडक्टरच्या हातात असायची ना, खणाखणांची, तीच. जिथे वेगवेगळ्या भाड्याच्या तिकिटांच्या गड्ड्या असायच्या तिथे हळद, तिखट, धने, जिरं, मोहरी. काका हळद मागताना "अर्धं तिकीट दे" म्हणायचे आणि काकू बरोबर अर्धा चमचा काढून द्यायच्या. पैशांच्या चामडी पिशवीत लसूण. दुधाच्या जुन्या कॅनमध्ये छत्र्या आणि काठ्या. तेलाचा पत्र्याचा पिपा आडवा कापून, बिजागरी लावून त्यात कणीक. पानाच्या डब्यात सुई-दोरा, बटणं आणि काकूंच्या गुडघ्याच्या गोळ्या. दाराशी एका भंगारात निघालेल्या गाडीची घंटी दोरीसकट लावलेली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. जेवण तयार झालं की काकू दोन टोले द्यायच्या.

पण हे सगळं किरकोळ. खरं वेड वरच्या फळीवर होतं.

भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी फळी, आणि तिच्यावर पितळेची भांडी दाटीवाटीने बसलेली. गंज, कळश्या, कडीचे डबे, एक घंगाळ. प्रत्येकावर कुणाचं तरी नाव ठोकलेलं. आपल्याकडे लग्नात भांडी देताना दुकानदाराकडून नाव घालून घ्यायची पद्धत आहे, ठिपक्या-ठिपक्यांचं. देणाऱ्याचं असतं, घेणाऱ्याचं असतं, कधी गावही असतं. पुढे घरात स्टील येतं, भावाभावांत वाटण्या होतात, म्हातारी जाते, आणि ते पितळ मोडीत निघतं. भंडाऱ्याच्या भांड्यांच्या दुकानांत अशी मोड ढिगाने पडलेली असते. तिथून ती भट्टीत जाते आणि नव्या भांड्याचं पितळ होऊन बाहेर येते. काका दर आठवड्याला एसटीने भंडाऱ्याला जायचे, त्या ढिगात मांडी घालून बसायचे आणि नावाचं भांडं शोधायचे. सापडलं की वजनाला वजन म्हणून घरचं बिननावाचं पितळ दुकानदाराला द्यायचे.

"मायं सारं पितळ गेलं ना बाई त्या नावाईपायी," काकू मला सांगायच्या. "घरचं देऊन लोकाईचे मानसं घरात आनले. आता मलेच उभं राहाले जागा नाही."

"भांडं वितळलं तं वितळलं," काका म्हणायचे, "पर नाव कायले वितळावं? त्यानं का केलं कोनाचं?"

आणि ही भांडी शोभेची नव्हती हो. प्रत्येकाला काम होतं. सखारामात तुरीची डाळ, पर्वताबाईत लाखोळीची, गोविंदात गूळ, घंगाळात धुतलेल्या चादरी. मिठाला आणि चिंचेला पितळ चालत नाही म्हणून ती दोघं चिनी मातीच्या बरणीत, खाली. "त्याईचं रिझर्वेशन वेगळं," असं काका म्हणत. फळी पुसताना भांडी इकडेतिकडे करायची झाली की ते म्हणायचे, "चला, मांगे सरका, मांगं जागा हाये. पर्वताबाई, पाय आवरा." एकदा सकाळी दूधवाला दारात उभा असताना आतून काकांचा आवाज आला, "अवो, सखारामात किडे झाले. त्याले दोन दिवस उन्हात टाका!" दूधवाला माप तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"अवो" म्हणजे काकू. काका बायकोला कधीच नावाने हाक मारत नसत. अवो, ऐकलं काय, घरी कोनी हाये काय, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. काकूंचं नाव शालिनी आहे हे मला गॅसच्या पुस्तकावरून कळलं.

एकदा नागपूरहून एक सद्गृहस्थ मोटारीने आले. त्यांना म्हणे जुन्या वळणाचं हॉटेल काढायचं होतं आणि भिंतीवर लावायला अशीच अस्सल भांडी हवी होती. मला असली माणसं मुळीच आवडत नाहीत. ज्यांनी स्वतःच्या आजीचा हंडा मोडीत घातलेला असतो, तीच माणसं पुढे दुसऱ्याच्या आजीचा हंडा दिवाणखान्यात ठेवून त्यात कागदी फुलं खोचतात. काकांनी मात्र त्यांना आदराने बसवलं, चहा पाजला.

"भितीवर म्हंजे कसं जी?"

"असं हुकानं टांगायचं. वरून लाइट सोडायचा."

"अन् आतमधी काय ठेवान?"

"आत काही नाही. रिकामंच."

काकांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे मानसाले काम नाही, पोटात दाना नाही, अन् वरून टांगून ठेवाचं? काय गुन्हा केला जी त्यानं?"

गृहस्थ हसले. काका हसले नाहीत. उठून त्यांनी घंटीचे दोन टोले दिले आणि गृहस्थांना दारापर्यंत पोचवून आले. त्या दिवशी मी माझे दोन प्लॅस्टिकचे डबे काढून टाकले आणि काकांकडे एक नावाचं भांडं मागितलं. त्यांनी मला विठाबाई दिली, पोह्यांसाठी. "सांभाळून, बुढी हाये," म्हणाले. आठवड्याभरात मी तिच्याशी बोलायला लागले. विज्ञानाची पदवी काही कामाला आली नाही.

फळीवर सगळ्यांत कडेला, चुलीच्या बाजूला, काकूंचा हात पोचेल अशा जागी एक कडीचा डबा होता. पोटाशी फुगीर, झाकण घट्ट, आत चिन्नोर तांदूळ. बाकीच्या बायांच्या भांड्यांवर नवऱ्याचं नाव होतं, सासऱ्याचं होतं, कुणाकुणाकडून सप्रेम भेट होती. या डब्यावर फक्त "यमुना" एवढंच होतं आणि नावापुढे ठिपक्यांचं एक फूल. गाव नाही, आडनाव नाही, नवरा नाही. मोडीच्या ढिगात तो तळाशी सापडला होता.

काकांचा तिच्यावर जीव. बाकीच्यांना ते कंडक्टरी आवाजात दटावायचे, पण तांदूळ काढायला झाकण उघडताना त्यांचा आवाज उतरायचा. "यमुने, काय म्हनते? पुरन काय व तांदूळ महिनाभर?" किंवा, "यमुने, आज पाहुने हायेत, थोडे जास्ती दे." मी विचारलं, हिच्याशीच इतकं गोड का? तर म्हणाले, "बाकी साऱ्याईले गाव हाये. ह्या बिचारीले कोनी नाही." काकू, ज्या सखारामापासून पर्वताबाईपर्यंत कुणालाही सोडत नसत, त्या यमुनेबद्दल कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. उलट तो एकच डबा त्या स्वतः चिंचेने घासायच्या. एकदा काकांनी "यमुने!" म्हणून झाकण उघडलं आणि मागच्या अंगणातून काकूंनी "ओ" दिली. काकांनी वळून पाहिलं. काकू म्हणाल्या, "मांजर होती. हाकलून राहिली मी." मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

काकांचं हे गाव-गाव का होतं, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. नोकरीत असताना एका रात्री शेवटच्या फेरीत एक म्हातारी गाडीतच बसून राहिली. सगळे उतरले, ती उतरेना. कुठे जायचं, तर आठवत नाही. गावाचं नाव डोक्यातून पार गेलेलं. ड्रायव्हर म्हणाला, डेपोत सोडून देऊ, बघतील कोणी. काका तिला घरी घेऊन आले. काकूंनी वाढलं, आपल्याजवळ निजवलं. सकाळी काकांनी तिला गावाचं नाव विचारलंच नाही. विचारलं, तुमच्या तलावात काय आहे? म्हातारी म्हणाली, कमळं. त्या रस्त्यावरची कमळांचे तलाव असलेली गावं काकांना ठाऊक होती. एकेका फाट्यावर उतरून विचारत विचारत त्यांनी तिला घरापर्यंत नेलं. "शेवटचा प्रवासी उतरल्याबिगर गाडी डेपोत लागत नाही म्याडम," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी मला पुढे अनेकदा ऐकवलं, आणि शेवटी याच वाक्यापायी आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

झालं असं, की फळी पुसताना काकांच्या छातीत कळ आली. नागपूरला असलेल्या मुलीने त्यांना तिथल्या दवाखान्यात नेऊन तपासण्या केल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या, ऑपरेशन करावं लागणार, आणि उशीर करून चालणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काका शांतपणे घरी आले. म्हणाले, "करून घेऊ. पर ह्या साऱ्याईले उतरवाव लागन पैले."

"कोणाला?"

त्यांनी फळीकडे हात केला. "मी नाही आलो वापस तं? पोरगी घर बंद करन. ह्ये पुन्हा मोडीत. ज्या भट्टीतून काढले त्याच भट्टीत."

मुलगी फोनवर रडली, ओरडली. मी माझ्या परीने धमन्यांचं चित्र काढून दाखवलं. काकूंनी तर बोलणंच टाकलं. काहीच उपयोग झाला नाही. काकांनी पिशवीत गोविंदाला घातलं आणि मोहाडीच्या बाजूच्या एका गावाला निघाले. गाव भांड्यावरच लिहिलेलं होतं. त्यांना एकट्याला सोडवेना म्हणून मीही सुट्टी टाकून सोबत गेले.

घर सापडलं. गोविंदाची म्हातारी सून ओट्यावर धान पाखडत होती. काकांनी तिच्यापुढे भांडं ठेवलं, नाव दाखवलं. तिने पदराने हात पुसले, नावावरून बोट फिरवलं, आणि एकदम हात मागे घेतला. तिने चहा केला, चांगलं बोलली, पण भांड्याकडे पुन्हा बघेना. आम्ही उठलो तेव्हा म्हणाली, "वापस न्या जी. माया सासऱ्याचं होय, खरं हाये. पर रिकामं भांडं घरात कसं घेऊ?"

परत येताना काका बसमध्ये रिकामा गंज मांडीवर घेऊन बसले होते. घरी आल्यावर काकूंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि चांगलंच उघडलं. "वाटीभर भाजी आली शेजारनीकडून तं वाटी रिकामी देतो काय आपन? दोन दाने साखर तरी टाकतो. अन् तुमी आख्खा गंज रिकामा घेऊन गेले! कंडक्टरी केली, अक्कल नाही आली." मग त्यांनीच गंज गुळाने भरला, वर फडकं बांधलं. दुसऱ्या खेपेला त्या सुनेने भांडं दोन्ही हातांनी घेतलं, देवापुढे ठेवलं, आणि काकांची पिशवीही रिकामी जाऊ दिली नाही. पोह्यांनी भरून दिली.

मग सुरू झाल्या फेऱ्या. काका भरलेलं भांडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचे आणि जुने ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना बघून विचारायचे, "आज कोन?" पर्वताबाई डाळीसकट तिच्या नातीकडे गेली. सखाराम त्याच्या पणतूकडे. काही ठिकाणी लोक रडले, एका ठिकाणी दोन भाऊ भांड्यासाठी भांडले तेव्हा काकांनी त्यातले तांदूळ दोघांना अर्धे अर्धे वाटले आणि भांडं त्यांच्या बहिणीला दिलं. ज्यांच्यावर गाव नव्हतं त्यांची आडनावं मी शाळेत पोरांना विचारायची, आणि पोरं घरून पत्ता काढून आणायची. माझी विठाबाईसुद्धा गेली. मी तिच्यात पोहे भरले आणि निरोप देताना मला चक्क वाईट वाटलं. प्रत्येक भांडं घराबाहेर पडताना काका घंटीचा एक टोला द्यायचे. उतरला.

त्यांना चार पायऱ्या चढताना दम लागायचा. बसच्या पायरीवर ते थांबायचे आणि दांड्याला धरून उगाच लांब कुठेतरी बघायचे, कुणाला कळू नये म्हणून. मला कळत होतं. काकूंना तर माझ्या आधी कळत होतं. त्यांचं लक्षच उडालं होतं. चहात साखर नाही, भाजीत दोनदा मीठ. त्या मला हळूच विचारायच्या, "किती उरले व बाई?" आणि मी फळीकडे बघून सांगायची, आता थोडेच.

शेवटी फळीवर एकटी यमुना राहिली.

दवाखान्याने भरती व्हायचा दिवस दिला होता. काका म्हणाले, नाही. "शेवटची बाई गाडीत बसून हाये अन् कंडक्टर घरी जाईन काय?" त्यांनी भंडाऱ्याच्या दुकानदारांना विचारलं, बाजारात विचारलं, ज्या ज्या घरी यमुना नावाची बाई होऊन गेली त्या घरी जाऊन आले. कुणाचाच डबा नव्हता. मुलीने पुन्हा फोन केला. डॉक्टर चिडलेत, पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही म्हणाली. त्या दुपारी मला राहवलं नाही. मी काकांना जोराने म्हटलं, "डब्यासाठी मरणार आहात का तुम्ही?" ते खाटेवर पडून होते. म्हणाले, "डब्बा नाही ना तो. तुमाले नाही समजाचं म्याडम."

तेवढ्यात घंटीचा एक टोला पडला.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. काकू दाराशी दोरी धरून उभ्या होत्या. हात ओले, पिठाचे.

"कोन उतरलं?" काकांनी विचारलं.

"यमुना."

"कुठं?"

"इतंच. मी होय यमुना."

काका उठून बसले. "आता थट्टा नको करू. मायं डोकं ठिकाण्यावर नाही."

"थट्टा कायची? मायं नाव यमुना होय. बापानं ठेवलेलं. हा डब्बाबी माया माहेरचाच, भावाईच्या वाटण्याईत मोडीत गेलेला. लग्नात तुमी अंगठीनं तांदळावर शालिनी लिवलं ना? तवा गेलं ते."

"तुये भाऊ तं तुले माई म्हनते."

"साऱ्या लहान भावाईची माईच राह्यते मोठी बहीन. इचारा त्याईले फोन करून. पत्रिकेत होतं यमुना. तुमी वाचलं असन एकडाव, मंग इसरले."

काकांनी काकूंकडे पाहिलं. ज्यांना त्या फळीवरचा प्रत्येक सखाराम, गोविंदा, त्याचं गाव, त्याची सून, सगळं पाठ होतं, ते आठवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना आठवत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण पाय निघेना.

"मंग हा डब्बा आनला तवाच काहून नाही सांगतलं?"

काकूंनी दोरी सोडली. पदराला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगाव म्हनलं होतं. पर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी फळीपाशी उभे राह्यले अन् म्हनलं, यमुने, काय म्हनते? इतके वर्सं झाले लग्नाले, तुमी मले अवोच म्हनता. मायबाप गेले, मंग त्या नावानं कोनी बोललंच नाही मायाशी. मी चुलीपाशी बसून होती. म्हनलं, बोलू दे. सांगतलं असतं तं तुमी लाजून बंद केलं असतं ना."

काका म्हणाले, "लोकाईचे नावं भट्टीतून काढत फिरलो मी. अन् घरच्या मानसाचं नाव मीच टाकलं भट्टीत."

"नाही टाकलं जी," काकू म्हणाल्या. "रोज तं हाका मारत होते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं ते आलं, लपवण्यात अर्थ नव्हता.

काका उठले. भिंतीला धरत फळीपर्यंत गेले आणि यमुनेला खाली उतरवलं. झाकण उघडून पाहिलं, डबा अर्धा होता. मी पुढे झाले तर त्यांनी मला हाताने थांबवलं. पोत्यातून स्वतः ओंजळी ओंजळीने तांदूळ घातले, काठोकाठ भरला, झाकण लावलं, कडी घातली, फडकं बांधलं. मग दोन्ही हातांनी उचलून काकूंपुढे धरला.

"घ्या यमुनाबाई. तुमचं सामान. भरून हाये."

काकूंनी डबा घेतला. जड होता, पण कमरेवर नीट बसवला. म्हणाल्या, "आता कोनी राह्यलं नाही ना गाडीत?"

"नाही."

"मंग उद्या सकाळी नागपूर."

काकांनी घंटीकडे पाहिलं आणि दोन टोले दिले.

ऑपरेशन नीट झालं. पुढे माझी बदली झाली, आणि आता मी वर्षातून एकदा वरठीला जाते, दिवाळीच्या सुट्टीत. जाताना काहीतरी भरलेलं भांडं नेते आणि येताना ते भरूनच परत येतं. फळी रिकामी आहे. मोडीच्या ढिगात बसायला काका आता जात नाहीत, पायऱ्या चढताना दम अजून लागतो. तिकिटांच्या पेटीत मसाला आहे, कॅनमध्ये छत्र्या आहेत, आणि यमुनेत तांदूळ. ती चुलीजवळ खाली ठेवलेली असते आणि तिच्याशी कुणी बोलत नाही.

या वेळी फाटक काकांनीच उघडलं. वाळले आहेत, पण उभे तसेच राहतात, पाय फाकून. माझ्या हातातली पिशवी घेतली, आत डबा आहे का ते चाचपलं, त्यावर माझं नाव घालून घेतलंय हे बोटाने तपासून पाहिलं आणि खूश झाले. मग घराकडे तोंड करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा कंडक्टरी आवाजात ओरडले, "यमुना! अवं यमुना, म्याडम आल्या ना!"

"ओ!" आतून काकूंचा आवाज आला. आणि मांजराचं नाव काही त्यांनी घेतलं नाही.